जाड टेबलटॉपसाठी कठीण लाकडाच्या फळ्या सरसाने जोडताना

टेबलटॉप जोडताना सर्वांत जास्त वेळ फळ्यांच्या कडांना रंधा मारण्यात गेला पाहिजे. ५० मिलिमीटर जाडीच्या फळीची कड काटकोनापासून केवळ अर्धा अंश ढळली, तरी सांध्यात जवळजवळ ०.४ मिलिमीटरची फट पडते. ती क्लॅम्प आवळून मिटवली, तर लाकडात ताण कोंडला जातो आणि पुढे सांधा उकलण्याची भीती राहते.

फळ्या आधी खालून-वरून हवा खेळेल अशा रचून, जिथे काम करायचे त्या खोलीत मुरू द्याव्यात. सर्वांचा ओलावा सारखा झाल्यावरच त्यांचा पीळ आणि बाक काढावा. त्यानंतर शेजारशेजारच्या दोन फळ्या मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना लावून दोन्ही कडांवर एकदमच रंधा फिरवावा. या युक्तीने एका कडेला राहिलेला कल दुसरीवर उलटा उतरतो आणि फळ्या उघडून जोडल्यावर पृष्ठभाग सपाटच राहतो. मग एक फळी दुसरीवर उभी ठेवून मागे दिवा धरावा. मधल्या भागात उजेडाची पुसटशी रेघ दिसली तर चालते, टोकांशी मात्र ती मुळीच दिसता कामा नये.

सरस लावण्यापूर्वी सगळे क्लॅम्प एकदा कोरडेच लावून पाहावेत, कारण पांढरा सरस काही मिनिटांतच धरू लागतो. फळ्या बऱ्याच असतील, तर दोन भाग वेगवेगळे जोडून शेवटी मधला सांधा करणे मला अधिक खात्रीचे वाटते. सागासारख्या तेलकट लाकडाच्या कडा ऐनवेळी अ‍ॅसिटोनने पुसून घ्याव्यात. दोन्ही कडांवर पातळ, सलग थर द्यावा. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे आलटून-पालटून लावावेत आणि मधून टोकांकडे आवळत जावे. सांध्यावर सरसाचे बारीक मणी सारख्या ओळीने उमटले, की दाब आणि सरस दोन्ही योग्य आहेत असे समजावे. हे मणी ओल्या फडक्याने पुसू नयेत. पातळ झालेला सरस लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतो. ते रबरासारखे झाल्यावर पटाशीने खरवडावेत.

क्लॅम्प काढल्यानंतरही टेबलटॉपवर रंधा मारण्याची घाई करू नये. सरसातल्या पाण्याने सांध्यालगतचे लाकूड किंचित फुगलेले असते. ते तेव्हाच सपाट केले, तर वाळल्यावर तिथे बारीक खोलगट रेघ उमटते. म्हणून निदान एक पूर्ण दिवस थांबावे.

टेबलटॉप चौकटीवर बसवताना स्क्रूची छिद्रे रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या लाकडाला सरकायला जागा राहते.