आर या प्रोग्रामिंग भाषेत कोलब्रुकचं समीकरण कसं सोडवलं

पाइपमधल्या प्रवाहासाठी घर्षण गुणांक, म्हणजे एफ, काढायचा होता. कोलब्रुकच्या समीकरणात एफ दोन्ही बाजूंना आहे: डावीकडे छेदातल्या वर्गमुळाच्या आत, उजवीकडे लॉगच्या आत. कितीही उलटसुलट केलं तरी साध्या बीजगणिताने तो एकटा बाजूला निघत नाही.

मग सगळ्या संज्ञा डावीकडे आणून, उजवीकडे शून्य ठेवून त्याचं एक फंक्शन लिहिलं आणि ते युनिरूटला, म्हणजे फंक्शन कुठे शून्य होतं ते शोधणाऱ्या आरमधल्या फंक्शनला, दिलं. युनिरूटला शोधाची कक्षा लागते आणि तिच्या दोन टोकांना फंक्शनची चिन्हं विरुद्ध हवीत, नाहीतर सरळ एरर येते. म्हणून आधी आरच्या कर्व्ह या फंक्शनने आलेख काढून शून्याची रेषा कुठे छेदली जाते ते बघितलं. गुळगुळीत पाइप आणि रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळता आहे ते सांगणारा आकडा) 1,00,000 घेतला, तर 0.008 ला किंमत धन येते, 0.1 ला ऋण. कक्षा मिळाली.

खरी गोम पुढे आहे, आणि ती फार कमी जण सांगतात. युनिरूटचा मूळ टॉलरन्स, म्हणजे उत्तरात चालवून घेतली जाणारी चूक, साधारण 0.00012 असतो. मोठ्या उत्तरांना तो चालतो. इथे मात्र उत्तरच 0.018 च्या आसपास आहे, त्यामुळे तिसरा सार्थ अंक भरवशाचा राहत नाही. टॉल (टॉलरन्सची सेटिंग) 1e-10 दिल्यावर 0.01799 आलं. ते मूळ समीकरणात घालून पडताळा घेतला, दोन्ही बाजू जुळल्या.

रेनॉल्ड्स अंकांचा अख्खा कॉलम असेल तर युनिरूट एका वेळी एकच किंमत सोडवतो. म्हणून तो सॅप्लायमध्ये, म्हणजे प्रत्येक किमतीवर तेच फंक्शन चालवणाऱ्या आरच्या फंक्शनमध्ये, गुंडाळा.