संगीताचे कालखंड आणि युरोपचा इतिहास एकाच कागदावर

पाश्चात्त्य संगीताचे कालखंड एका वहीत आणि युरोपचा आधुनिक इतिहास दुसऱ्या वहीत पाठ केला, की पेपरात सनावळीची हमखास गल्लत होते. दोन्ही एकत्र मांडा.

१. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू आडवी घ्या, मधोमध रेघ मारा. १६०० पासून दर ५० वर्षांनी खूण करा.

२. रेघेच्या वर घटना, खाली संगीतकार. १७५० ला बाख गेला, तिथे लाल उभी रेघ: बरोक हा संगीताचा कालखंड संपला.

३. आता जोड्या लावा. १७८९ फ्रेंच राज्यक्रांती, १७९१ मोझार्टचा मृत्यू. १८४८ च्या क्रांत्या, १८४९ शोपँचा मृत्यू. सगळ्यांत कामाची जोडी १८०४ ची. बेथोवनने तिसरी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) नेपोलियनच्या नावाने लिहिली होती. नेपोलियन सम्राट झाल्याचे कळताच बेथोवनने मुखपृष्ठावरचे नाव इतके खरवडले की कागदाला भोक पडले. ती प्रत व्हिएन्नात जपून ठेवली आहे. बरोकनंतरच्या क्लासिकल कालखंडाकडून पुढच्या रोमँटिक कालखंडाकडे वळण दाखवायलाही हीच सिंफनी उदाहरण म्हणून लिहिता येते. एवढी एक जोडी नीट लक्षात राहिली तरी अर्धे काम झाले.

४. उजळणी करताना खालची बाजू पट्टीने झाका आणि वरची घटना पाहून संगीतकार सांगा. मग उलटे करा.

एक सांभाळा: रचना लिहिली गेली त्या सालावर मांडा, विषयाच्या सालावर नाही. चायकॉव्स्कीचे ‘१८१२ ओव्हर्चर’ नेपोलियनच्या रशियावरील स्वारीबद्दल आहे, पण लिहिले १८८० मध्ये.