कालवं मेली की लगेच रोगाचं नाव घेऊ नका : कालवशेतीतल्या या चुका टाळा

कालवांना (ऑयस्टर) खाऊ घालावं लागत नाही; पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती ती स्वतःच गाळून खातात. या एका गोष्टीने जितके लोक कालवशेतीकडे वळले, तितकेच गोत्यातही आले असावेत. खाद्याचा खर्च नाही म्हणजे देखरेखही नाही, असं धरून कालवांच्या जाळीदार पिशव्या पाण्यात सोडल्या जातात आणि महिन्याभराने उघडल्या की रिकामे शिंपले खुळखुळतात. मग तोंडात पहिला शब्द येतो तो रोग.

रोग असेलही, पण तो शेवटी तपासायचा. आधी तीन गोष्टी लिहून काढा: कोणत्या आकाराची कालवं मेली, कुठल्या पिशव्यांतली मेली आणि गेल्या पंधरा दिवसांत पाणी कसं होतं. मोठा पाऊस होऊन गोडं पाणी आलं असेल, तर कालव शिंपला घट्ट मिटून दिवस काढतं. पाणी गार असेल तर ते बराच काळ तग धरतं, उबदार असेल तर लवकर हरतं. गाळाजवळच्या एका कोपऱ्यातल्याच पिशव्या गेल्या असतील, तर प्रवाह अडतोय का ते पाहा. पण मोठी कालवं धडधाकट, फक्त बीज (कालवांची पिल्लं) मेलंय आणि पाणी नुकतंच 16 अंश सेल्सिअसच्या वर गेलंय, अशी स्थिती असेल तर पॅसिफिक जातीत हर्पिस गटातल्या विषाणूची शंका रास्त ठरते. 2008 मध्ये फ्रान्समध्ये त्याने बीजाची प्रचंड मरतूक केली, 2016 मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पोचला. माणसाला त्याची बाधा होत नाही, मात्र कालवांसाठी त्यावर औषधही नाही. उरतात ते दोनच मार्ग: निवड पद्धतीने तयार केलेलं प्रतिकारक्षम बीज वापरणं आणि बाधित भागातलं बीज, पिशव्या, दोर दुसरीकडे न नेणं. स्वस्त बीज मिळतंय म्हणून कुठूनही उचलून आणणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी काटकसर.

घाईचं निदान कुठे नेतं, हे अमेरिकेतल्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीने, म्हणजे कालवांचं बीज तयार करणाऱ्या केंद्राने, अनुभवलं. 2007 च्या सुमारास तिथे कालवांच्या अळ्या टाक्याच्या टाक्या भरून मरू लागल्या. संशय जिवाणूंवर गेला, त्यांचा बंदोबस्तही झाला, तरी मरतूक थांबेना. खरं कारण होतं खोल समुद्रातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं थंड पाणी. अळी पहिल्या दोन दिवसांत अंड्यातल्या शिदोरीवर आपला पहिला शिंपला घडवते. आम्लता वाढलेल्या पाण्यात त्या कामालाच इतकी ताकद लागते की पुढे वाढायला काही शिल्लक राहत नाही. उपाय निघाला तो साधा: पाण्याची सतत मोजणी, आम्लता कमी करायला त्यात सोडा मिसळणं आणि शक्यतो दुपारनंतरचं पाणी आत घेणं, कारण उन्हात समुद्रातल्या वनस्पतींनी तोवर बराच कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. समुद्राचं आम्लीकरण यामुळे थांबत नाही. हॅचरी चालू राहते, इतकंच.

पिशवीतली दाटी

बीज नखाएवढं असताना पिशवीत हजारो मावतात आणि तिथेच फसगत होते. वाढ झाली तरी विरळणी केली नाही, तर मधल्यांपर्यंत खाद्य पोचत नाही, शिंपले लांबट आणि पातळ होतात, एकमेकांना चिकटतात. वेळोवेळी प्रतवारी करा, पिशव्या हलवा, उलटवा. हलवल्याने शिंपल्याची नाजूक कड झडते आणि कालव खोलगट, भरीव होतं. शेवाळ आणि बार्नॅकल (पृष्ठभागाला चिकटणारे कवचवाले जीव) साचू लागले की पिशव्या ठराविक अंतराने दिवसभर हवेवर सुकवा. कालव मिटून राहतं, कोवळे चिकटे जीव मरतात. फक्त भर उन्हाळ्यातल्या कडक दुपारी हे करू नका. आणि रासायनिक रंगांनी शेवाळ हटवण्याचा मोह झालाच, तर फ्रान्समधली आर्काशाँची खाडी आठवा. बोटींना फासलेल्या ट्रायब्युटिल टिनच्या रंगामुळे तिथल्या कालवांचे शिंपले बेढब जाड झाले, प्रजनन कोसळलं आणि 1982 मध्ये लहान बोटींसाठी त्या रंगावर बंदी आली.

काढणीनंतर

स्वच्छ पाण्याच्या टाकीत दोन दिवस ठेवली की कालवं निर्धोक, हा समज सोडा. त्याने मैल्यातले बरेच जिवाणू जातात. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस मात्र चिवटपणे मागे राहतो. सांडपाणी येणारी जागाच टाळायला हवी. कोमट पाण्यातून काढलेली कालवं ताबडतोब गार केली नाहीत, तर माणसाला आजारी पाडणारे व्हिब्रिओ जिवाणू झपाट्याने वाढतात.

‘शाश्वत’ हा शब्द पाटीवर लिहिताना जरा जपून. एक मोठं कालव दिवसाला 190 लीटर पाणी गाळतं, हा आकडा सगळीकडे फिरतो, पण ती अनुकूल स्थितीतली कमाल मर्यादा आहे. शिंपल्यात कार्बन अडकतो हेही अर्धसत्य. शिंपला तयार होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कालवांबरोबर पाण्यातला नायट्रोजन बाहेर निघतो, हा दावा मात्र टिकतो. आणि तुटलेल्या प्लास्टिक जाळ्या पाण्यात राहणार असतील, तर बाकीचे दावे कशाला करायचे?

रिकामे शिंपले टाकून देऊ नका. तरंगणाऱ्या अळ्या बसण्यासाठी कठीण जागा शोधतात आणि जुना शिंपला त्यांना फार मानवतो. फक्त परत पाण्यात टाकण्याआधी ते काही महिने उन्हापावसात पडू द्या, म्हणजे मांसाचे अवशेष आणि त्यांतले रोगजंतू सोबत जाणार नाहीत.