गाडी लेट आणि कडेवर दोन वर्षांचं मूल: ठाण्याहून गावी निघताना काय करावं

एका जूनमध्ये आम्ही भल्या पहाटे ठाणे स्टेशनवर उभे होतो. बाहेर धो धो पाऊस, कडेवर बावीस महिन्यांची लेक. गाडी पावणेचार तासांनी आली. तेवढ्या वेळात तिचं दूध संपलं, दोन झबली ओली झाली, रडून रडून चेहरा लाल झाला आणि गाडी फलाटाला लागायच्या पाच मिनिटं आधी ती झोपली. आमचं घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर. गाडी कुठे आहे हे निघण्याआधी बघितलं असतं, तर ती ते सगळे तास स्वतःच्या अंथरुणात झोपली असती.

तेव्हापासून आम्ही मुलाच्या घड्याळाने चालतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला दर दोन-अडीच तासांनी काहीतरी पोटात हवं असतं आणि दुपारची झोप चुकली की ते संध्याकाळपर्यंत सावरत नाही. त्यामुळे गाडी किती लेट आहे हे कळलं की आम्ही आधी बघतो, या उशिरात तिचं कोणतं खाणं आणि कोणती झोप येते.

१. घराबाहेर पडण्याआधी गाडी शोधा

आदल्या रात्री एकदा आणि निघण्याच्या तासभर आधी एकदा, असं दोनदा बघा. रेल्वेच्या नॅशनल ट्रेन एन्क्वायरी सिस्टिमच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की ती कुठे आहे ते दिसतं. १३९ वर फोन करूनही कळतं. गाडी सुरुवातीच्या स्टेशनातून सुटलेलीच नसेल, तर तोच रेक, म्हणजे गाडीच्या डब्यांचा संच, उलट दिशेने घेऊन येणारी गाडी किती लेट आहे ते बघा. तो रेक येऊन, साफसफाई होऊन मगच आपली गाडी सुटते. त्यामुळे पुष्कळदा पहाटेच्या गाडीचा उशीर आदल्या रात्रीच कळतो.

कोकणात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि फार जोराच्या पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. शिवाय रोहा ते वीर हा टप्पा सोडला तर मार्ग बहुतेक एकेरी आहे, म्हणून एक गाडी रखडली की समोरच्या गाड्या क्रॉसिंगला थांबतात. पावसाळ्यात मुलाला घेऊन निघताना दोन तासांचा उशीर गृहीत धरूनच डबा भरा.

२. तिकीट काढतानाच बर्थचा विचार करा

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग जागाही मिळत नाही. स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. प्रवास सहा-सात तासांहून मोठा असेल तर माझ्या मते ते पैसे भरावेतच. गाडी वेळेवर असेल तेव्हा मूल मांडीवर निभावतं. उशीर वाढला की मांडीवरचं मूल आणि ज्याची मांडी तो, दोघेही थकतात.

३. पिशवीत दूध कसं न्यायचं

उकळलेलं दूध गरम असतानाच थर्मासमध्ये भरून न्यायची आपल्याकडे सवय आहे. आमच्या आईनेही तसंच भरून दिलं होतं. वेळेवरच्या प्रवासात ते चालून जातं, पण चार तास वाढले की दूध कोमट होतं, कोमट दुधात जंतू भराभर वाढतात आणि नासल्याचा वास येण्याआधीच ते मुलाला बाधू शकतं. म्हणून थर्मासमध्ये फक्त उकळतं पाणी न्या. दुधाची पावडर लहान कोरड्या डब्यांत, एका डब्यात एका वेळची, अशी मोजून घ्या. कालवलेलं दूध दोन तासांच्या आत वापरा. बाटली एकदा तोंडाला लागली की तासाभरात संपवायची. उरलं तर जीव न हळहळवता ओतून द्यायचं. वर्षापुढच्या मुलांसाठी टेट्रा पॅकमधल्या दुधाचे लहान डबेही सोयीचे पडतात, फोडले नाहीत तोवर ते बाहेर टिकतात.

खाण्यात माझा भरवसा दशमीवर. कणीक पाण्याऐवजी दुधात मळलेली असल्याने ती साध्या पोळीपेक्षा जास्त वेळ मऊ राहते, गुळाची असेल तर मुलं आवडीने खातात आणि तुकडा हातात दिला की त्यातच पंधरा मिनिटं जातात. सोबत केळी आणि कुस्करून द्यायला राजगिऱ्याचा लाडू. मऊ भात नेला तर पहिल्या दोन तासांत भरवून टाका, नंतर तो ठेवू नका. शेंगदाणे, चणे, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं मात्र डब्यात नकोतच. गाडीच्या हिसक्याने असा दाणा घशात अडकू शकतो.

औषधांत ओआरएसची पाकिटं आणि डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, डोस चिठ्ठीवर लिहूनच. ओआरएसच्या पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते पूर्ण पाकीट घालायचं, अर्धं-मुर्धं अंदाजाने नाही. जुलाब लागले तर दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. डायपर, कपडे आणि दुपटी रोज लागतात त्याच्या दुप्पट. हे सगळं मोठ्या बॅगेत न ठेवता खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

४. स्टेशनवर पोचल्यावर उशीर कळला तर

तासाभरापर्यंतचा उशीर असेल तर फलाटावरच थांबा, पण कडेपासून लांब, पंख्याखाली. ठाण्याला लोकलची गर्दी सतत सांडत असते, म्हणून ढकलगाडीपेक्षा अंगाला बांधायची पट्टी बरी: दोन्ही हात मोकळे राहतात आणि पुलावर चढता-उतरता येतं. मुलाच्या मनगटाला किंवा फ्रॉकच्या आतून आपला मोबाइल नंबर लिहिलेली पट्टी लावा.

दीड-दोन तास असतील आणि पाऊस नसेल तर एकाने सामानापाशी थांबावं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर पडावं. पश्चिमेला चालत दहा-बारा मिनिटांवर तलावपाळी आहे. मोकळी हवा आणि समोर मासुंदा तलावाचं पाणी दिसलं की फलाटावर अर्धा तास रडणारं मूल शांत होतं, हे मी पाहिलंय. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी मात्र परत या. वाटेत वेळ भरून काढून गाडी आधीही येते.

अडीच-तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि घर जवळ असेल तर सरळ घरी जा. रिक्षाचे पैसे जातील, पण मूल जेवेल आणि झोपेल. आम्हाला त्या दिवशी हे सुचलं नाही. एकदा सामानासकट निघालो की परत फिरायला मन धजत नाही.

५. जायचं की नाही, हे ठरवण्याची वेळ

आपण जिथून चढणार त्या स्टेशनवर गाडी ३ तासांहून जास्त लेट असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. ऑनलाइन तिकिटासाठी गाडी आपल्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे भाडं परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. खिडकीवरचं तिकीट असेल तर तेही गाडी सुटण्याआधीच खिडकीवर परत करायचं. गाडी निघून गेल्यावर हा हक्क राहत नाही, म्हणून घरी जाऊन विचार करू असं म्हणत बसू नका. गाडी रात्री दोनला पोचणार असेल, पुढे घाटाचा रस्ता असेल आणि मुलाला आधीच ताप असेल, तर मी तिकीट रद्द करीन. आजी-आजोबांना वाईट वाटेल, त्यांना फोनवर नीट समजावून सांगा.

६. गाडी मध्येच थांबली तर

कोकणच्या वाटेवर नव्वदहून जास्त बोगदे आहेत, तिथे मोबाइलची रेंज जाते. गाणी, गोष्टी आधीच उतरवून घ्या. पण मोबाइल पहिल्या तासात काढू नका. तो शेवटच्या अडचणीच्या तासासाठी राखा. आधी कागदाची पुडी, वाटी-चमचा, खिडकीतून दिसणारी गुरं. खेळण्याची पिशवी एकदम उघडली तर सगळं दहा मिनिटांत संपतं, म्हणून एकेक वस्तू काढा.

झोपेची वेळ झाली की गाडी उभी असो वा चालू, अंथरूण घाला. खालच्या बर्थवर मुलाला भिंतीच्या बाजूला झोपवा आणि दोन बर्थच्या मधली जागा बॅगांनी भरून काढा, म्हणजे घसरलं तरी लागणार नाही. डब्यात पाणी नसेल किंवा तब्येतीची अडचण आली तर १३९ वर कळवा, डब्याचा आणि बर्थचा नंबर तयार ठेवा.

७. उतरण्याआधी

लहान स्टेशनांवर रात्री उशिरा रिक्षा मिळत नाहीत. दोन स्टेशनं आधी घरी फोन करून कोण न्यायला येतंय ते पक्कं करा आणि पेज किंवा मऊ भात करून ठेवायला सांगा. मुलाला उतरण्याआधी दहा मिनिटं जागं करून सुकं झबलं घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन, पाहुण्यांकडे जाणं असं काही ठरवलं असेल तर ते दुपारनंतर ढकला, मूल उठेल तेव्हा उठू द्या.