डिजिटल स्टोरीबोर्ड काढायला कसं शिकावं: एसटी स्टँडवरच्या एका सीनपासून सुरुवात

शॉर्टफिल्म करायची ठरली की बहुतेक जण पटकथा लिहून थेट लोकेशन बघायला निघतात. प्रत्येक शॉट आधी चित्रात काढून बघण्याचा मधला टप्पा, म्हणजेच स्टोरीबोर्ड, गाळला जातो, आणि कारण विचारलं की एकच उत्तर येतं: "मला चित्र कुठे काढता येतं?" माझं ठाम मत आहे की स्टोरीबोर्डला सुंदर चित्र लागतच नाही. त्याला निर्णय लागतात. कॅमेरा कुठे उभा आहे, फ्रेममध्ये कोण आहे, आणि यानंतर प्रेक्षकाला काय दाखवायचं, एवढं ज्या चित्रातून कळतं ते चित्र पुरेसं चांगलं.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत गोष्टीची चित्रं फळ्यावर टाचण्यांनी लावून बघायची पद्धत रुळली. एखादं चित्र काढून दुसरीकडे लावता येई, नको ते फेकून देता येई, आणि सगळ्यांना मिळून गोष्ट समोर दिसे. सत्यजित राय जाहिरात क्षेत्रात चित्रकार होते. 'पथेर पांचाली'ची रीतसर पूर्ण पटकथा न लिहिता त्यांनी चित्रं आणि टिपणं यांच्या आधाराने काम केलं. डिजिटल बोर्डातही चित्रांची जागा बदलण्याची ही सोय आहेच, शिवाय प्रत्येक चित्र किती सेकंद दिसेल हेही लगेच ठरवून बघता येतं. शिकताना भर या दोन गोष्टींवर हवा: क्रम आणि वेळ.

सामान

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर साधा, स्क्रीन नसलेला पेन टॅबलेट पुरतो. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन यांपैकी कोणाचाही लहान टॅबलेट चालेल. टॅबलेट जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र काढायचा भाग आणि स्क्रीन यांचं लांबी-रुंदीचं प्रमाण जुळवून घ्या. हे राहिलं तर तुम्ही काढलेलं वर्तुळ स्क्रीनवर अंड्यासारखं उमटतं आणि उगाच वाटतं की हातच वाईट आहे. हात इकडे आणि नजर तिकडे, याची सवय व्हायला थोडे आठवडे जातात. रोज थोडा वेळ नुसत्या रेघा, चौकोन, वर्तुळं काढा.

सॉफ्टवेअरसाठी पैसे घालवू नका, निदान आत्ता नको. वंडर युनिटचं 'स्टोरीबोर्डर' फुकट आहे आणि फक्त याच कामासाठी बनवलेलं आहे: एक चित्र, त्यासोबत संवाद, कृती, टीप आणि वेळ. 'क्रिटा' हेही फुकट. ते मुळात चित्रकारांचं सॉफ्टवेअर, पण त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून 'सेटिंग्ज'मधल्या 'डॉकर्स'मध्ये 'स्टोरीबोर्ड' नावाची पट्टी मिळते. नवशिक्याने 'स्टोरीबोर्डर'ने सुरुवात करावी, कारण त्यात ब्रश मोजकेच आहेत आणि हरवून जायला जागा नाही. 'टून बूम'चं 'स्टोरीबोर्ड प्रो' ॲनिमेशन स्टुडिओत चालतं, पण ते महाग आहे. नोकरीच्या वेळी शिकता येईल.

फक्त फोन असेल तरी थांबू नका. 'आयबिस पेंट'मध्ये एका पानावर सहा चौकटी आखा आणि बोटाने काढा. नंतर प्रत्येक चौकट वेगळी करून फोनवरच्या कुठल्याही व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये ओळीने लावली की काम होतं.

चौकट आधी ठरवा

यूट्यूबसाठी किंवा टीव्हीसाठी करत असाल तर १६:९, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेल. रील असेल तर ९:१६, म्हणजे १०८० × १९२०. आडव्या चौकटीत काढलेला बोर्ड नंतर उभा करता येत नाही; दोन माणसं शेजारी उभी असलेला शॉट रीलमध्ये मावतच नाही, तिथे एकामागे एक उभं करावं लागतं. म्हणून हे पहिल्याच दिवशी ठरवा.

सीन तोडा

सरावासाठी एक छोटा सीन घेऊ. रात्र. तालुक्याच्या गावचं एसटी स्टँड. शेवटची गाडी सुटायच्या बेतात. मीना औषधांची पिशवी घेऊन धावत येते. कंडक्टर डबल बेल देतो, गाडी हलते. ड्रायव्हरला आरशात मीना दिसते. गाडी थांबते.

या ओळी वाचताना जिथे जिथे तुमची नजर मनातल्या मनात हलते, तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारा. माझ्या रेघा अशा पडतात: रिकामं स्टँड आणि एकच गाडी, हा लाँग शॉट, म्हणजे लांबून सगळी जागा दाखवणारा. फाटकातून धावत येणारी मीना, मिड शॉट, म्हणजे साधारण कमरेपासून वर. बेलची दोरी ओढणारा कंडक्टरचा हात, क्लोजअप, म्हणजे अगदी जवळून. फिरू लागलेलं चाक, अगदी खालून. ड्रायव्हरचा चेहरा. आरसा, त्यात लहानशी मीना. ब्रेकवर दाबला जाणारा पाय. शेवटी पुन्हा लाँग शॉट: थांबलेली गाडी आणि तिच्याकडे येणारी मीना.

थंबनेल: छोटं, वाईट आणि भरभर

आता थेट मोठ्या कॅनव्हासवर जाऊ नका. आधी थंबनेल, म्हणजे शॉटची अगदी लहान कच्ची चित्रं. एका पानावर आगपेटीएवढ्या चौकटी आखा आणि प्रत्येकीला जेमतेम अर्धा मिनिट द्या. माणूस म्हणजे डोक्याचा गोल, धडाचा चौकोन आणि हातापायांच्या रेघा. गोलावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली की चेहरा कुठे वळलाय ते कळतं. नाक-डोळे काढायचेच नाहीत. चौकट लहान असली की तपशिलात शिरता येत नाही, आणि सुरुवातीला तपशिलानेच सगळ्यात जास्त घात होतो: ज्या चित्रावर तासभर घालवला ते फेकून द्यायला मन तयार होत नाही, मग चुकीचा शॉटही बोर्डात राहतो.

प्रत्येक शॉटसाठी दोन-तीन पर्याय काढा. मीना धावतेय तो शॉट समोरून, मागून आणि वरून काढून बघा. मागून काढलेल्या चित्रात तिच्यापुढे दूर जाणारी गाडीही दिसेल, आणि तेव्हा कळेल की अंतर दाखवायला तोच शॉट हवा.

मग क्रम हलवून बघा. ड्रायव्हर आणि आरसा ही दोन चित्रं उचलून बेलच्या आधी ठेवा. गोष्ट बदलली. आता ड्रायव्हरने मुलीला पाहिलंय आणि तरीही गाडी काढलीय. तीच दोन चित्रं बेलनंतर ठेवली तर त्याला आधी माहीत नव्हतं, दिसल्याबरोबर तो थांबला. एकही रेघ न बदलता माणूस निष्ठुर किंवा भला ठरतो. स्टोरीबोर्ड शिकायचा म्हणजे हे शिकायचं. म्हणून या टप्प्यावर हवा तितका रेंगाळा.

दिशा सांभाळा

आपल्या एसटीचं प्रवाशांचं दार गाडीच्या डाव्या अंगाला असतं. दाराच्या बाजूला उभं राहून पाहिलं तर सुटणारी गाडी फ्रेममध्ये उजवीकडून डावीकडे जाते. आपला कॅमेरा दाराच्या बाजूला आहे, म्हणजे गाडीची दिशा ठरली: डावीकडे. तिच्यामागे धावणारी मीनाही डावीकडेच धावली पाहिजे. ड्रायव्हरचा चेहरा बाजूने काढाल तर तोही डावीकडे बघणारा. कंडक्टर दारातून वाकून मागे बघत असेल तर त्याची नजर उजवीकडे.

आता समजा एका शॉटसाठी कॅमेरा उचलून गाडीच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या दाराकडे नेला. त्या चित्रात गाडी उजवीकडे जाईल. आधीच्या चित्रात मीना डावीकडे धावतेय, पुढच्यात गाडी उजवीकडे येतेय. प्रेक्षकाला वाटेल की गाडी तिला घ्यायला परत फिरली. जमिनीवर मीनापासून गाडीपर्यंत एक रेषा आखली आहे असं धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेषा ओलांडायचीच असेल तर मध्ये असा शॉट द्या ज्यात दिशा नाही. आपला आरसा तसाच आहे: त्यात मीना सरळ आपल्याकडे धावत येते, ना डावीकडे ना उजवीकडे. त्यानंतर बाजू बदलली तरी खटकत नाही.

हे पक्कं व्हावं म्हणून पानाच्या कोपऱ्यात सीनचा वरून दिसणारा नकाशा काढा. गाडी म्हणजे एक आयत, माणसं म्हणजे ठिपके, कॅमेरा म्हणजे छोटा त्रिकोण, त्यावर शॉटचा नंबर. मी या नकाशाशिवाय बोर्ड काढूच नये असं म्हणेन.

क्षितिजरेषा

पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे जवळचं-लांबचं चित्रात नीट दाखवण्याची, भीती बहुतेकांना असते. स्टोरीबोर्डपुरता एक नियम समजला तरी खूप भागतं: क्षितिजरेषेची उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरला असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या साधारण सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे त्याच रेषेवर येतात, माणूस जवळ असो वा स्टँडच्या पार टोकाला. लांबचा माणूस लहान होतो, पण त्याचे डोळे रेषा सोडत नाहीत. फक्त पाय वर सरकतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असेल तर रेषा सगळ्यांची कंबर छेदेल. चाकाच्या शॉटला कॅमेरा जमिनीलगत आहे, म्हणून रेषा सगळ्यांच्या घोट्यापाशी, आणि माणसं वर उंच उभी राहिलेली.

प्रत्येक चित्रात आधी ही रेघ फिक्या रंगात मारा, मग माणसं उभी करा. गर्दीचा शॉट चुकतो तो बहुतेक वेळा या रेघेशिवाय काढल्यामुळे.

'स्टोरीबोर्डर'मध्ये त्रिमितीय बाहुल्या उभ्या करून शॉट बनवायची सोय आहे, 'शॉट जनरेटर' नावाची. ती उपयोगी आहे, पण थंबनेल हाताने काढून झाल्यावरच वापरा. आधीच तिच्यात शिरलात तर सगळे शॉट डोळ्यांच्या उंचीवरचे, मध्यम अंतराचे, एकसारखे निघतात.

साफ चित्र

निवडलेली थंबनेल मोठ्या कॅनव्हासवर घ्या. तीन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, पुरेत: तळाशी कच्चं रेखाटन, त्यावर साफ रेषा, आणि राखाडी छटांसाठी एक लेयर या दोघांच्या मध्ये. कच्च्याची ऑपॅसिटी (ठळकपणा) कमी करून वरच्या लेयरवर गिरवा. रंग नकोत. तीन छटा ठरवा आणि संपूर्ण सीनभर त्याच पाळा: गडद, मध्यम, फिकी. रात्रीच्या स्टँडवर मागचा अंधार गडद, गाडी मध्यम आणि मीनावर दिव्याचा उजेड म्हणून ती फिकी. डोळे बारीक करून चित्राकडे बघा. मीना लगेच दिसली नाही तर छटा बदला, रेषा नको.

बाण

हालचाल बाणांनी दाखवतात. इथे गोंधळ होतो तो पात्र हलतंय की कॅमेरा, याचा. पात्राचे बाण लाल आणि कॅमेऱ्याचे निळे ठेवा. कॅमेरा आत जात असेल तर चौकटीत एक लहान चौकट काढा आणि मोठीच्या चारही कोपऱ्यांतून लहानीकडे बाण द्या. पॅन असेल, म्हणजे कॅमेरा जागेवरच आडवा वळत असेल, तर चित्रच लांबट काढा आणि त्यावर पहिली आणि शेवटची चौकट दाखवा.

वेळ द्या

आता प्रत्येक चित्राला सेकंद द्या आणि सगळा सीन चालवून बघा. याला ॲनिमॅटिक म्हणतात. संवाद आणि आवाज फोनवर स्वतःच रेकॉर्ड करा: धापा, इंजिन, बेलचे दोन ठोके. 'स्टोरीबोर्डर'मध्ये वेळ चित्रासोबतच लिहायची असते. 'क्रिटा'त सेकंद आणि फ्रेम असे दोन आकडे असतात, म्हणून सिनेमासाठी सेकंदाला २४ आणि आपल्या टीव्हीसाठी २५ फ्रेम हे आधीच ठरवून ठेवा.

बेल, चाक, ब्रेकवरचा पाय, हे सगळे एकेक सेकंदाचे. आरसा मात्र वेगवेगळा ठेवून बघा. एक सेकंद ठेवला तर ड्रायव्हर पाहतो आणि थांबतो. तीन सेकंद ठेवला तर तो विचार करतोय, थांबावं की नाही. चार सेकंदांच्या पुढे प्रेक्षक अस्वस्थ होईल. तुम्हाला तेच हवं असेल तर जरूर ठेवा. कागदावरच्या बोर्डात हा फरक कधीच कळत नाही.

मग गोष्ट माहीत नसलेल्या कोणाला तरी, घरच्या माणसाला किंवा मित्राला, ॲनिमॅटिक आधी आवाजाशिवाय दाखवा. तुम्ही मध्ये काहीही बोलू नका. संपल्यावर विचारा, काय झालं ते सांग. "गाडी परत आली का?" असं ऐकू आलं तर दिशा चुकली आहे. "ती कोणाच्या मागे धावत होती?" असं विचारलं तर लाँग शॉट कमी पडलाय. तेवढीच चित्रं बदला आणि दुसऱ्या कोणाला तरी दाखवा, कारण पहिल्याला आता गोष्ट कळलेली असते.

पीडीएफ

शूटिंगला नेण्यासाठी एका पानावर सहा चित्रं अशी पीडीएफ काढा, आणि वरून दिसणारा नकाशा पहिल्या पानावर ठेवा. शॉटना १, २, ३ ऐवजी १०, २०, ३० असे नंबर द्या. मध्ये एखादा शॉट घुसवावा लागला तर तो २५ होतो आणि बाकीचे नंबर तसेच राहतात. फाइलच्या नावात सीनचा नंबर आणि तारीख टाका. स्टँडवर रात्री लॅपटॉप उघडायला जागा आणि वेळ मिळेलच असं नाही, म्हणून दोन छापील प्रती काढा: एक कॅमेरामनला आणि एक स्वतःला, झालेला शॉट पेनाने खोडायला.