‘अगं, माझा फोन बिघडलाय!’ असा फोन आला की

माझी आई तिचा फोन बिघडल्याचं मला त्याच फोनवरून कळवते. पूर्वी मी हसायचे. ‘अगं, बिघडला असता तर लागला कसा?’ मग ती दुखावायची आणि पुढची दहा मिनिटं तिची समजूत काढण्यात जायची. तेव्हा पहिली सूचना हीच, की हा विनोद करू नका.

मी महापेला एका कंपनीत हेल्पडेस्कवर आहे, तेरा वर्षं. दिवसभर कानाला हेडफोन आणि समोर तिकिटांची, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींची, रांग. राहते कोपरखैरण्यात. आई-बाबा ठाण्याला चरईत, जुन्या इमारतीत. मध्ये ट्रान्सहार्बर लोकलची जेमतेम चार स्टेशनं, पण दर बिघाडाला गाडी पकडून जाणं कुणाला जमतं? म्हणून ऑफिसात करते तेच घरीही करते, म्हणजे समोरचं यंत्र न बघता दुरुस्ती. ज्यांचे आई-वडील एकीकडे आणि आपण दुसरीकडे, त्यांच्या उपयोगी पडेल ते लिहितेय.

सुरुवात नेहमी स्पीकरपासून. फोन कानाला असतो तोवर स्क्रीन काळी असते, वरच्या बाजूचा सेन्सर गाल जवळ आला की ती बंद करतो. आपण म्हणतो, ‘सेटिंग्ज उघड.’ आई फोन कानापासून काढून बघते, तेवढ्यात आपलं पुढचं वाक्य हवेत जातं. ती परत कानाला लावते, परत स्क्रीन काळी. हा खेळ दोघींचाही पारा चढेपर्यंत चालतो. स्पीकर लागला की दुसरी भीती काढून टाका. कॉल चालू असताना दुसरं काही उघडलं की कॉल तुटतो, अशी आईची पक्की समजूत होती. तुटत नाही. बिनधास्त मधलं बटण दाबून बाहेर ये, मी ऐकतेय, असं दोनदा सांगावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘काय झालं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला एकच उत्तर येतं, ‘मी काहीच केलं नाही.’ आमच्याकडे इंजिनीअर मंडळीसुद्धा हेच उत्तर देतात, त्यामुळे आईला दोष नाही. विचारायचं ते असं: ‘आत्ता काय दिसतंय? वरून खाली वाच.’

मध्यंतरी एकदा रात्री तिचा फोन आला.

‘माझं सिम गेलं गं. सकाळपासून कुणाचा फोन नाही. तुलाही लागेना, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरून केला.’

‘स्पीकर लाव. अगदी वरच्या ओळीत काय आहे?’

‘नऊ वाजून बारा.’

‘त्याच ओळीत उजवीकडे?’

‘वायफायचा पंखा. आणि छोटंसं विमान.’

विमान! वरून खाली बोट ओढताना कधीतरी एअरप्लेन मोडवर टिचकी लागली होती, मोबाइलचं नेटवर्क बंद आणि घरचं वायफाय तेवढं चालू. दोन मिनिटांत सिम परत आलं. तिला ‘काय झालं’ विचारत बसले असते तर दुसऱ्या दिवशी ती सिमकार्डाच्या दुकानात उभी असती.

खुणांना घरगुती नावं द्या आणि ती बदलू नका. आमच्याकडे सेटिंग्जला ‘चक्र’ म्हणतात, वर उजवीकडच्या मेनूला ‘तीन ठिपके’, आणि ब्लूटूथला, का कोण जाणे, ‘गाठ’. आणखी एक, नवा फोन घेऊन देणार असाल तर तुमच्याच कंपनीचा द्या. प्रत्येक कंपनीने सेटिंग्जची मांडणी वेगळी केलीय, तुमच्या हातात तोच फोन असला तर बटण कुठे आहे ते बघून सांगता येतं. मी आईला ‘ऑफर होती म्हणून’ वेगळ्या कंपनीचा घेतला होता. त्या ऑफरची किंमत मी दोन वर्षं फोनवर फेडली.

आता नेहमीचे बिघाड.

चार्जिंग होत नाही ही तक्रार बाबांची. केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होतो, म्हणून ते केबलखाली काडेपेटी ठेवायचे. एका दुकानात दाखवला तर ‘पोर्ट बदलावा लागेल, साडेआठशे’ म्हणाले. रविवारी मी गेले, फोन बंद केला, टॉर्च मारून पोर्टमध्ये पाहिलं. तळाशी राखाडी नमद्यासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं. लाकडी टूथपिकने कडेकडेने हळूच उकरलं, तर विड्यातल्या सुपारीच्या तुकड्याएवढा बोळा निघाला. बाबा पँटच्या एकाच खिशात रुमाल आणि फोन ठेवतात. रुमालाची लव पोर्टमध्ये जाते, प्रत्येक वेळी केबल घालताना ती आत ठोकली जाते, आणि एक दिवस पिन तळापर्यंत पोचतच नाही. केबल घातल्यावर ‘टक’ असं बसत नसेल, जराशी बाहेर राहत असेल, तर आधी हाच संशय घ्यायचा. सेफ्टी पिन, सुई वापरू नका, आतले संपर्क वाकतात. फुंकरही नको, तोंडाची वाफ जाते.

पावसात भिजला तर बंद करा, पुसा, पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला हात लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका. पिठी पोर्टमध्ये जाते आणि मग टूथपिकचं काम वाढतं.

अक्षरं मोठी करून दिल्यावर एक गंमत होते. ‘पुढे’चं बटणच स्क्रीनच्या खाली निघून जातं. ‘बटण नाहीच आहे’ असं आई म्हणाली की मी म्हणते, पान वर सरकव. असतं.

फोन भरला, जागा नाही, याला मात्र वेळ द्यावा लागतो. आधी वाचून घ्या की कुठली जागा भरलीय. फोनची जागा वेगळी, गूगलची वेगळी, आणि दोन्हींच्या सूचना दिसायला सारख्याच. गूगल फुकट १५ जीबी देतं, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, अँड्रॉइडवर आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. ती भरली तर मेल येणं थांबतं. लगेच पैसे भरून जागा विकत घेऊ नका, कारण मूळ कचरा बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपमध्येच असतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या काढून दिलेल्या असतात, आणि खूप वेळा फॉरवर्ड झालेल्याही. मोठे व्हिडिओ निवडायचे आणि डिलीट.

पण आईचं बोट डिलीटवर जाईना.

‘अगं, हा एकादशीचा विठ्ठल आहे. आणि बटणावर तर कचऱ्याचा डबा काढलाय!’

खरंच डबा काढलाय. तेरा वर्षांत मला तो कधी दिसला नव्हता. शुभ सकाळचे साडेतीनशे विठ्ठल, तेवढेच स्वामी, गणपती तर विचारू नका. मी म्हटलं, ‘आई, गणपती आपण दीड दिवसाने तलावात सोडतोच ना?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग एका नव्या विठ्ठलाला ठेवून बाकीच्यांना तिने निरोप दिला. आता दर महिन्याला ती स्वतःच ‘विसर्जन’ करते. ‘स्टोरेज अँड डेटा’च्या पानावरच मीडिया आपोआप डाउनलोड होणंही बंद करून टाका, म्हणजे ज्यावर बोट ठेवू तेवढंच उतरतं.

आता जे सांगायचंय त्याने माझी स्वतःची झोप उडाली होती.

‘वरून खाली वाच’ ही सवय मी तिला लावली. ती इतकी चांगली लागली की एकदा फोनवर काहीतरी नीट करताना ती वाचत होती, ‘डिस्प्ले... साउंड... तुमचा ओटीपी आहे चार, सात...’ वरून मेसेज टपकला आणि तिने तो त्याच सुरात वाचायला घेतला. बाबांनी शेजारच्या खोलीत गॅसचं काहीतरी नोंदवलं होतं, त्याचा होता. काही बिघडलं नाही. पण मी खुर्चीतच गार पडले. आवाज ऐकायचा, सांगेल तिथे बोट ठेवायचं, दिसेल ते वाचून दाखवायचं, हे सगळं मीच तिला शिकवलं होतं. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्या भामट्याला तयार विद्यार्थिनीच हवी असते, आणि ती मी घडवत होते.

तेव्हापासून आमचे नियम बदलले, आणि तुम्हीही आजच बदला. आकडे वाचायचे नाहीत. मलासुद्धा नाहीत. ओटीपी, पिन, कार्डाचे नंबर आले की ‘आकडे आहेत’ एवढंच म्हणायचं. दुसरं, दुरुस्ती फक्त तिने मला फोन केला तरच. माझ्या नावाने कुणी स्वतःहून फोन केला, अगदी आवाज माझाच वाटला, तरी ठेवून द्यायचा आणि माझ्या नेहमीच्या नंबरवर उलट लावायचा. आवाजाची नक्कल आता मशीन करतं. म्हणून घरात एक शब्दही ठरवलाय, तो अर्थातच इथे लिहीत नाही. तिसरं, स्क्रीन शेअर करायचं कुठलंही अ‍ॅप कुणाच्याही सांगण्यावरून टाकायचं नाही. मला ऑफिसात ही अ‍ॅप्स रोज लागतात, घरी वापरली असती तर माझे निम्मे कष्ट वाचले असते. तरी नाही वापरत. एकदा ‘हो, अलाऊ’ म्हणायची सवय लागली की समोर कोण आहे हे बोटाला कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लग्नपत्रिकेच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची सोय आपल्या कायद्यात नाही, कॉलवर गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असो. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नका, वेगळ्या खात्यात भाजी-दुधापुरते पैसे ठेवा. आणि पैसे गेलेच तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. रागावणं नंतर. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवण्याची शक्यता जास्त, आणि आपण ओरडू या भीतीनेच म्हातारी माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत.

एखाद्या रविवारी समोर बसून करायची कामं वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपची टू-स्टेप पडताळणी लावा, सहा आकडी पिन असतो. *#०६# डायल करून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो नंबर ब्लॉक करता येतो, पण नंबर चोरीच्या आधी लिहिलेला बरा. आमच्याकडे तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर आहे, शेजारी गूगल खात्याचा ईमेल. पासवर्ड तिथे नाही.

बाबांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. तो आता चेहरा दाखवून घरून होतो. गेल्या खेपेला अ‍ॅप त्यांना ओळखेचना. ‘मी हयात आहे हे याला पटत नाहीये,’ असं ते मला फोनवर शांतपणे म्हणाले. मागे खिडकी होती, त्यामुळे चेहरा काळा, आणि पुढच्या कॅमेऱ्यावर खोबरेल तेलाचा थर. चष्म्याच्या फडक्याने काच पुसली, खिडकीकडे तोंड करून बसले, पापण्या मिटल्या-उघडल्या, झालं.

समोर असलात तरी फोन त्यांच्या हातातून घेऊ नका, हे मला सर्वांत जड गेलं. माझी बोटं आपोआप पुढे जातात. मी चक्क हात मांडीखाली घेऊन बसते. आई चुकीचं बटण दाबते, मागे येते, परत दाबते, आणि मला ऐरोलीपासून ठाण्यापर्यंत चालत गेल्यासारखं वाटतं. पण मी करून दिलेलं काम तिला एकदाही पुन्हा जमलेलं नाही.

यातलं काहीच चाललं नाही तर एकदा बंद करून चालू करा (हसू नका, आमच्या पगाराचा मोठा भाग याच वाक्यावर चालतो), आणि तरीही नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. देण्याआधी बॅकअप घ्या, पॅटर्न कागदावर लिहून देऊ नका, पावतीवर आयएमईआय लिहिलाय का बघा, आणि सिमकार्ड काढून जवळ ठेवा. सिमच्या खणाशेजारच्या छिद्रातच पिन घाला. तसंच दिसणारं दुसरं छिद्र माइकचं असतं, तिथे टोचलं तर नवाच बिघाड. पिन हरवली असेल, आणि ती हरवलेलीच असते, तर कानातल्याची तार चालते. ही युक्ती मला आईने दाखवली, स्वतःच्या कानातलं कुडं काढून.