वेलीवर वेगळा घड दिसला? नवा वाण म्हणण्याआधी या चुका टाळा

द्राक्षाची काढणी सुरू झाली की निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात थॉमसन या हिरव्या जातीच्या बागेतला कुणाचा ना कुणाचा फोटो फिरतोच : "थॉमसनला गुलाबी घड लागलाय, नवीन व्हरायटी!" असं कधी घडतंही. तास-ए-गणेश ही जात थॉमसनमधूनच निवडली गेली, तीही तासगावच्या एका बागेत. सोलापूरकडच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांची सोनाका त्याच कुळातली. पण बहुतेक फोटोंमागचं कारण साधं असतं.

थंडीच्या परिणामाला म्युटेशन, म्हणजे जनुकात झालेला बदल, समजू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला, दिवसा-रात्रीच्या तापमानात अंतर वाढलं की हिरव्या जातींचे मणी गुलाबी पडतात. आपण त्याला पिंक बेरी म्हणतो आणि ते टाळायलाच घडांना कागद लावतो. हा रंग एकाच वेळी अनेक वेलींवर दिसतो आणि पुढच्या वर्षी थंडी कमी पडली तर जातो. म्युटेशन बहुधा एकाच वेलीच्या एकाच काडीवर दिसतं, शेजारच्या काड्या जशाच्या तशा असतात.

मणी लांब झाले असतील तर आधी जीएच्या (मणी लांबवणारं जिबरेलिक ॲसिड) फवारण्यांची वही काढा. पानच वेगळं असेल तर खाली वाकून कलमाचा जोड बघा : फूट जोडाच्या खालून आली असेल तर ती डॉगरीजची, म्हणजे ज्या खुंटावर कलम केलं त्याची आहे, तिचं बारसं करू नका.

आता खरा बदल होतो कसा? काडीपासून वाढवलेली प्रत्येक वेल ही मूळ वेलीची नक्कल. पण पेशी विभागताना जनुकांची प्रत दरवेळी बिनचूक निघत नाही. शिवाय जनुकांचे काही तुकडे जागा बदलतात. पांढऱ्या द्राक्षात रंगाचं जनुक चालू करणाऱ्या भागात असाच एक तुकडा घुसून बसलेला असतो, म्हणून रंग बंद. इटालिया या जातीच्या एका फांदीत तो तुकडा बराचसा निघून गेला आणि लाल रुबी ओकुयामा मिळाली. संकर नाही, प्रयोगशाळा नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक एप्रिलमध्ये होते. ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर फुटलेल्या ज्या फुटीवर वेगळा घड आला, तीच एप्रिलच्या खरड छाटणीत मुळापासून जाते. ओलांड्यावर (वेलीच्या कायमच्या आडव्या फांदीवर) उरतो तो जुन्या काडीचा बुडखा आणि त्यात बदल नसतो. मजुरांना कुणी सांगितलेलं नसतं, बदल काड्यांच्या ढिगात जातो आणि पुढच्या हंगामात मालक म्हणतो, "यंदा नाही आला." म्हणून घड दिसला त्याच दिवशी काडीला रंगीत दोरी बांधा, वेलीवर आणि वहीत खूण करा आणि छाटणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. ती काडी राखा. माझ्या मते एवढं एक पाळलं तरी अर्धं काम झालं.

पूर्ण वेलीच्या काड्या वाटत सुटू नका. काडीवरच्या डोळ्याच्या (कोंबाच्या) टोकाशी द्राक्षात पेशींचे दोन थर असतात आणि बदल बऱ्याचदा एकाच थरात झालेला असतो. पिनो ग्री ही अशीच मिश्र जात : बाहेरच्या थरात रंग शाबूत, आतल्यात गेलेला. आतला थर बाहेर आला की तिच्याच वेलीवर पांढरा घड लटकतो. त्यामुळे राखलेल्या काडीचा प्रत्येक डोळा वेगळा धरा. एकेका डोळ्याचं वेगळ्या खुंटावर कलम करा, नंबर द्या आणि किमान दोन फळ छाटण्या बघा. एका नंबरचे घड दोन्ही वेळा तसेच आले तर त्याच वेलीवरून पुढे वाढवा, बाकीचे सोडून द्या.

नोंदणीत घाईही नको आणि आळसही नको. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 नुसार वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते. नवीन वाण म्हणून अर्ज करायचा असेल तर त्याआधी देशात वर्षभरापेक्षा जास्त काळ त्याच्या काड्या विकलेल्या नसाव्यात. शेजाऱ्याला काडी देण्याआधी हे तपासा.